निळ्या शिक्क्याची अंडी

“उखळाशी उभी बाई, तिला कुणी बोलू नये,
मुसळानं म्हटलेलं मनावर घेऊ नये.”

फालेसीच्या आईचा हा आवाज. आई जाऊन कितीतरी पावसाळे लोटले. तिचा चेहरा आता मधूनच पुसट होतो, पण आवाज जसाच्या तसा आहे, ताज्या कांडलेल्या मक्यासारखा, थोडा खरखरीत आणि ऊबदार. मुसळ वर नेताना आई श्वास घ्यायची आणि खाली आणताना ओळ सोडायची. त्या ओळीतून काय काय बाहेर पडायचं! नवऱ्याची दारू, थोरल्या बहिणीचा हेका, गावच्या मुखियाच्या बायकोचा आखडता हात. ऐकायचे ते ऐकायचे, गालातल्या गालात हसायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. संध्याकाळी भांडायला दारात कुणी यायचं नाही. उखळापाशी बाईला तेवढी मोकळीक होती. आजही आहे.

पण त्या वर्षी उखळंच मुकी झाली होती. पाऊस वेळेवर आला, मका गुडघ्याला लागला, शेतं डोळ्यांत भरतील अशी हिरवी. आणि कणग्या रिकाम्या. हिरव्या रानाच्या मधोमध उपाशी राहायचे ते दिवस. माणसं कच्चे आंबे उकडून खात होती, भोपळ्याचा पाला शिजवत होती. न्सिमाचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गोळा हाताच्या मुठीहून लहान झाला होता. फालेसीचा नवरा लाझालो तंबाखूच्या मळ्यावर मोलानं गेला होता. घरात ती, तिचा वर्षाचा यांखो आणि आईची थोरली बहीण गोगो नाफिरी. गोगो म्हणजे आजी; तिला दिसायचं कमी, ऐकू यायचं सगळं.

त्याआधी उन्हाळ्यात कोंबड्यांवर मर आली होती. सकाळी एक मान टाकायची, दुपारी दुसरी. आईनं मागं ठेवलेल्या कोंबड्यांची ती पिढी, अंगणभर पसरलेली. आठवड्यात अंगण झाडल्यासारखं झालं. एकच उरली, करड्या ठिपक्यांची. कोंबडी असली म्हणजे पाहुण्यापुढे मान वर राहते. पोर आजारी पडलं तर पाटीत कोंबडी घालून बाजार गाठता येतो आणि तिथून दवाखाना. कोंबडी नाही म्हणजे घराला हात नाहीत. गोगो नाफिरी रोज संध्याकाळी, सवयीनं, रिकाम्या अंगणाला “कू, कू, कू” करून हाक मारायची आणि मग आपणच चपापून गप्प व्हायची.

अशातच मोजणीवाले आले.

आंब्याच्या फांदीला त्यांनी काटा टांगला, त्याला कापडाची झोळी. गावातली वर्षा-दीड वर्षाची पोरं एकेक करून झोळीत बसली, रडली, मुतली. मग त्यांना फळीवर निजवून टाचेपासून टाळूपर्यंत मोजलं. शहरातल्या साहेबानं, कालुवा त्यांचं नाव, बायकांना बसवून सांगितलं, की काही गावांतल्या पोरांना रोज एक अंडं देणार, काही गावांत नाही, आणि मग बघणार कुठली पोरं उंचीनं, बोलण्या-चालण्यात पुढे जातात. ह्या गावाच्या वाट्याला अंडी आली.

“आणि ज्या गावात नाही, त्यांनी काय करायचं?” गोगोनं विचारलं.

“त्यांना साबण देतोय, आजी. आणि मोजणी संपली की त्यांनाही अंडी.”

“बरं आहे. आत्ता हात धुऊन बसा म्हणावं, जेवण मागाहून येतंय.”

बायका खिदळल्या. साहेबही हसले.

अंडी वाटायचं काम डोरिकाला मिळालं. डोरिका ह्याच गावची, फालेसीच्या शेजारची. न्हाण आल्यावर दोघींना एकाच झोपडीत बसवलं होतं, एकाच म्हातारीनं दोघींना बाईपणाची गाणी शिकवली होती. एका झोपडीतून निघालेल्या पोरी जन्मभर एकमेकींच्या असतात. डोरिकाला सायकल मिळाली आणि पिवळी टोपी. आठवड्यातून दोनदा ती मागच्या कॅरिअरवर खोकं बांधून यायची. तिचा नवरा दुसऱ्या बाईच्या घरी नांदायला निघून गेला होता. तीन पोरं आणि आजारी आई त्या सायकलीवर जगत होती.

अंडी मोठी होती, तपकिरी, सगळी एका मापाची. प्रत्येकावर निळ्या शाईचा गोल शिक्का.

“ह्याच्यावर कुणी टिकली लावली गं?” फालेसीनं विचारलं.

“कुणी बाजारात विकू नये म्हणून. पहिलं अंडं माझ्यासमोर भरवायचं, बाकीची रोज एक. आणि ऐक, फक्त यांखोला. तू खाऊ नकोस, गोगोला देऊ नकोस.”

“मी मागितलं का गं?” आतून गोगो म्हणाली. “माझे दात गेलेत, लाज नाही गेली.”

पहिले काही दिवस फालेसीनं भरवलं. उकडून, बोटांनी कुस्करून, मीठ लावून. मग एका संध्याकाळी ती चुलीमागची राख काढायला वाकली, तर ठिपक्यांची कोंबडी राखेत बसलेली. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. फालेसीनं तिला हातानं उचललं. खाली काही नव्हतं, नुसती ऊन राख. कोंबडी खुडूक झाली होती आणि अंड्याविनाच बसली होती. खाली सोडली, की पुन्हा तिथंच.

फालेसी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. शेल्फवर मडक्यात अंडी होती. खाल्लं की एक अंडं म्हणजे एक घास. कोंबडीखाली गेलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत अंगणात दहा पाय पळतील, त्यांची पुन्हा अंडी, आणि मग यांखो रोज खाईल. कुणाच्या शिक्क्याविना. हा हिशोब तिला आईनंच शिकवला होता. घरातलं अंडं पोरानं मागितलं तर आई म्हणायची, “थांब, त्याला पाय फुटू देत.”

तिनं अंडी राखेत ठेवली. शिक्के खाली केले. कोंबडीनं चोचीनं एकेक आत ओढून घेतलं.

त्यानंतर डोरिका येई तेव्हा तिच्यासमोर एक अंडं यांखोच्या पोटात जाई. बाकीची मडक्यात, आणि मडक्यातून राखेत.

“सगळी खाल्ली ना?” डोरिका विचारायची.

“खाल्ली तर.”

“मग अंगावर कुठं दिसतात?”

“तुझ्यासमोर खातो गं. माझ्याकडून घेताना तोंड फिरवतो. थुंकतोसुद्धा. मागे लागून भरवावं लागतं.”

“बघा! माझा मान ठेवतो जावई!” डोरिका यांखोची हनुवटी धरून हसायची आणि सायकलीवर टांग मारायची. फालेसी तिची पाठ दिसेनाशी होईतो दारात उभी राहायची. तोंडात काहीतरी कडवट यायचं. ती थुंकून टाकायची.

दिवस गेले. कोंबडी उठेना. दाणा टिपायला क्षणभर बाहेर यायची आणि धावत परत. पोटाची पिसं गळून कातडी दिसायला लागली, लाल, ऊन. छातीचं हाड वर आलं. फालेसी अंड्यांना कान लावून बघायची. आत टकटक नाही, हालचाल नाही. पिल्लं निघायची वेळ आली आणि टळून गेली. तरी कोंबडी बसलेलीच.

एका दुपारी गोगो झोपल्यावर फालेसीनं सूप आणलं आणि अंडी काढून घेतली. कोंबडीनं हाताला रक्त येईस्तोवर टोचलं. नदीच्या उतारावर जाऊन तिनं एक दगडावर फोडलं. फट् असा आवाज झाला आणि जो वास आला त्यानं ती मागं सरकली. दुसरं फोडलं. तेच. पिल्लाची चोच नाही, रक्ताचा दोरा नाही, काहीच नाही. कधी काही नव्हतंच आत. तिसरं फोडायचा तिला धीर झाला नाही. उरलेली अंडी तिनं तिन्हीसांजेला केळीच्या बुडाशी पुरली, तिच्या आणि डोरिकाच्या घराच्या मध्ये, जिथं दोघी केर टाकायच्या. हात राखेनं घासले, मातीनं घासले. वास नखांत राहिला.

त्या हातांनी तिनं रात्री यांखोला पेज पाजली. पाणीच जास्त. यांखो वाटीच्या तळाशी बोट फिरवत राहिला.

मग त्याला खोकला धरला. छाती आत ओढली जाऊ लागली. फालेसीनं त्याला पाठीला बांधलं आणि दवाखान्याची वाट धरली. चिखल घोट्यापर्यंत. पोर पाठीवर किती भरतं हे आईच्या पाठीला कुठल्याही काट्याच्या आधी कळतं. तिला वाटलं, कापड सुटलं की काय, पोर मागे पडलं की काय. दोनदा ती थांबली आणि हात मागे नेऊन चाचपलं. होता. नुसता हलका झाला होता.

वाटेत मागून सायकलची घंटा वाजली. डोरिका.

“खाली उतरव त्याला. नाही, तूच बस, मी ढकलते.”

“तुझं काम?”

“गेलं काम खड्ड्यात. बस.”

चढावर डोरिका धापा टाकत सायकल ढकलत होती आणि मध्येच म्हणाली, “मला कळत नाही, फालेसी. रोज अंडं खाणारं पोर असं कसं वाळतं? माझंच काही चुकतंय का? उन्हात अंडी खराब होत असतील का?” तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. फालेसीला ती मान दिसत होती, लहानपणापासूनची, डाव्या बाजूला भाजल्याचा डाग असलेली. तेव्हा ती बोलू शकली असती. सायकलचं चाक चिखलात रुतलं, दोघींनी ओढून काढलं, आणि ते राहून गेलं.

यांखो वाचला. सुया, औषध, चार रात्री दवाखान्याच्या ओसरीवर. घरी आल्यावर डोरिकानं स्वतःच्या घरातलं वाटीभर पीठ आणून दिलं. “त्याच्यासाठी,” म्हणाली. त्या पिठाची पेज यांखोनं चाटूनपुसून खाल्ली. फालेसीनं तोंड वळवलं.

पुढच्या मोठ्या सरीनं केळीचं बूड उघडं पडलं. मुखियाच्या डुकरानं बाकीचं केलं. मोजणीवाले आले त्याच दिवशी पोरं एक न फुटलेलं अंडं झेलत अंगणात आली, आणि ते कालुवा साहेबांच्या बुटापाशी फुटलं. नाकाला रुमाल लावून साहेब खाली वाकले. चिखलातसुद्धा शिक्का निळाच होता.

मागोमाग जाऊन त्यांनी केळीचं बूड पाहिलं. तिथं आणखी होती. केळीपासून सगळ्यात जवळचं दार डोरिकाचं.

“ही काय आहेत?”

डोरिका गुडघ्यांवर बसली. पुरुषाशी, साहेबाशी बोलताना बसतात तशी. “मला ठाऊक नाही, साहेब.”

“वाटली नाहीत ती? ठेवून दिली? विकायला?”

“देवाशपथ नाही. मी प्रत्येक घरी...”

“मग ह्यांना पाय फुटले? पोरांची वजनं वाढत नाहीत, आणि अंडी तुझ्या केरात सडतायत. पुढच्या वेळी मुखियासमोर बसू. तोवर टोपी ठेव इथं.”

डोरिकानं टोपी काढली. केस त्याखाली चपटे झाले होते. तिनं ते हातानं सारखे केले. फालेसी गर्दीत तिसरी उभी होती, यांखो पाठीवर. बोलली, तर यांखोचं नाव मोजणीतून जाणार. बोलली, तर गाव म्हणणार, उपाशी पोराच्या तोंडचं काढून हिनं कोंबडीखाली घातलं. आणि गाव खोटं म्हणणार नव्हतं.

त्या रात्री गोगो नाफिरी अंधारात म्हणाली, “कोंबडी आता उठली वाटतं राखेतून.”

फालेसीनं यांखोवरचं कापड सारखं केलं.

“मला दिसत नाही, पोरी. वास येतो.”

कूस बदलत म्हातारी म्हणाली, “डोरिकाची आई दिवसभर रडत होती. भिंतीपलीकडून ऐकू येतं.”

बैठकीचा दिवस उजाडला. साहेब येणार, त्यांना जेवू घालायला हवं, म्हणून मुखियाच्या बायकोनं मक्याचं शेवटचं पोतं उघडलं आणि बायकांना कांडायला बोलावलं. महिन्यांनंतर उखळात दाणा पडत होता. एका उखळाला तिघी, तीन मुसळं, एक उठलं की दुसरं पडायचं. फालेसी उभी राहिली तेव्हा समोर डोरिकाच आली, उघड्या डोक्यानं, डोळे सुजलेले. तिसरी मुखियाची सून. पलीकडे आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब मुखियाशी हळू आवाजात बोलत होते.

मुसळांना ठेका सापडला. सून गुणगुणायला लागली, पोरांच्या झोपेचं काहीतरी. आणि मध्येच फालेसीच्या तोंडून आवाज निघाला. आपला आहे हे तिला आधी कळलंच नाही. आईसारखा खरखरीत होता.

“कुणाच्या गं बाळासाठी अंडं आलं शिक्क्याचं?”

“घाव घाल गं, घाव घाल!” बायकांनी झेलली.

“बाळानं ते पाहिलं गं, कोंबडीनं झाकलं त्याचं.”

“घाव घाल गं, घाव घाल!” कुणी हसलं. कुणावर आहे गं हे, असं एकीनं दुसरीला कोपरानं विचारलं.

“कोंबडी बसली बसली, पिसं गळाली पोटाची,
पिल्लू काही निघेना गं, घाण निघाली सडल्याची.”

आता घाव घाल कुणी म्हटलं नाही. मुसळं मात्र चालूच होती, थांबली तर ऐकू येईल अशा भीतीनं.

“खड्डा मीच खणला गं, केळीच्या त्या बुडाशी,
नाव जाऊन लागलं माझ्या सोबतिणीशी.”

डोरिकाचं मुसळ हवेतच राहिलं. ठेका तुटला. सुनेचं मुसळ उखळाच्या काठावर आपटलं आणि दाणे मातीत उडाले. कोंबड्या असत्या तर धावल्या असत्या. मुखियाचं डुक्कर तेवढं आलं.

डोरिका फालेसीकडे बघत होती. मारेल, असं वाटलं. तिनं मुसळ आडवं ठेवलं, दोन्ही हात पदराला पुसले.

“सायकल मी ढकलली,” ती म्हणाली, अगदी हळू. “चढावर.”

“हो गं.”

“तेव्हा नाही सांगितलंस.”



गोगो नाफिरी सावलीत दाणे निवडत बसली होती. डोकं न उचलता ती म्हणाली, “उखळापाशी बोललेलं गाव विसरेल, फालेसी. रीतच आहे. पण त्या खुर्चीतल्या माणसाला आपल्या मुसळाची भाषा कुठली कळायला? त्याला वाटलं, बाया गातायत. तो बघ, पायानं ठेका धरतोय.”

खरंच, साहेबांचा बूट अजून हलत होता.

फालेसीनं मुसळ भिंतीला टेकवलं. हात रिकामे झाले आणि जड वाटायला लागले. उखळापासून आंब्यापर्यंतचं अंगण एरवी ती चार पावलांत ओलांडायची. आज ते संपेना. यांखो पाठीवर जागा होता, तिच्या मानेवर श्वास सोडत होता. खुर्चीपुढे ती गुडघ्यांवर बसली.

“डोरिकानं सगळी अंडी दिली, साहेब. मी ती कोंबडीखाली ठेवली. सडली, तेव्हा मीच पुरली.”

साहेबांचा बूट थांबला. “कोंबडीखाली?” ते मुखियाकडे बघून पुन्हा तिच्याकडे बघायला लागले. “अहो, ती अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची. शेकड्यांनी कोंबड्या, एक कोंबडा नाही त्यात. त्यांतून पिल्लं कशी निघणार?”

“कोंबड्याविना कोंबड्या?” मागून गोगो म्हणाली. “विधवांचं गाव आहे का ते?”

कुणी हसलं नाही. फालेसीला सुचलंच नव्हतं, की जगात असं अंगण असेल.

साहेबांनी कपाळ चोळलं. ते रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. “बाई, दर वेळी तुम्ही सांगितलंत, सगळी खाल्ली म्हणून. त्यावरून आम्ही काय काय ठरवणार होतो. बरं, पोराला आवडत नव्हतं, तोंड फिरवायचा, असं डोरिका म्हणाली. जबरदस्ती करवत नाही आईला, कळतं मला.”

त्यांनी वाट करून दिली होती. फालेसीनं फक्त मान हलवायची होती. पोर खात नव्हतं, वाया जाण्यापेक्षा कोंबडीखाली ठेवलं. इतके दिवस ती स्वतःलाही तेच सांगत आली होती. डोरिका मागे येऊन उभी राहिलेली तिला सावलीवरून कळलं.

तिनं पाठीचं कापड सोडलं आणि यांखोला मांडीवर घेतलं. त्याचं मनगट तिच्या दोन बोटांत मावलं.

“तो तोंड फिरवत नव्हता, साहेब,” ती म्हणाली. “मडक्याकडे हात करायचा. रडायचा. एकदा त्यानं एक हातात धरलं होतं, छातीशी. मी त्याची बोटं सोडवून काढून घेतलं.”

यांखोनं तिचं बोट धरलं.

“त्याला अंडं आवडायचं.”